कवच आणि सांधा

संध्याकाळची वेळ असते. दिवाणखान्यांत ध्वनिवर्धकांतून गायन चाललेलें असतें. विलंबित ख्यालाचा षड्ज नुकताच लागलेला असतो आणि घरांतील मंडळी स्वस्थपणें ऐकत बसलेली असते. इतक्यांत स्वयंपाकघरांतील फ्रिज सुरू होतो, ध्वनिवर्धकांतून 'फट्ट' असा आवाज निघतो आणि त्यामागोमाग एक मंद घरघर सुरू होते, ती थांबतच नाहीं. घरांतील कोणी तरी उठतो, यंत्राच्या मागें हात घालतो, केबलचें टोंक किंचित् हलवितो. आणि घरघर एकदम बंद होते. गाणें पूर्ववत् चालू होतें. चार दिवसांनीं मात्र तोच प्रकार पुन्हां घडतो.

अशा वेळीं दोष बहुधा यंत्राला दिला जातो, क्वचित् वीजकंपनीला, आणि पुष्कळदां केबलला. मग नवी केबल आणली जाते. ती जुन्या केबलपेक्षां जाड असते, महागही असते. पण यंत्राच्या पाठीवरील खांच तीच जुनी आणि काळवंडलेली राहते, आणि घरघरही राहते. कारण दोष यंत्राच्या पोटांत नव्हता, केबलच्या अंगांतही नव्हता. केबल आणि यंत्र यांची जेथें गांठ पडते त्या बोटभर जागेंत तो होता. नुसता हात लावल्यानें जी व्याधि बरी होते ती सांध्याचीच असते, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा प्रकार क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या नियमानें दिवाणखान्यांतील गाणें बिघडतें त्याच नियमानें रुग्णालयांतील हृदयाचा आलेख बिघडतो, आणि विमानांतील उपकरणेंही भलतेंच सांगूं लागतात. म्हणून केबलचें कवच काय काम करतें, आणि सांध्यांतील अगदीं थोडा रोध तें काम कसें निष्फळ करतो, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

तारेंतील विजेचा प्रवाह कमीजास्त होऊं लागला, कीं तिच्या भोंवतीं विद्युत्-चुंबकीय क्षोभ उत्पन्न होतो, आणि हा क्षोभ वाटेंत येणाऱ्या दुसऱ्या प्रत्येक तारेंत थोडाबहुत प्रवाह निर्माण करतो. नभोवाणीचें सारें शास्त्र याच तत्त्वावर उभें आहे. पण निसर्ग इष्ट आणि अनिष्ट असा भेद करीत नाहीं. प्रक्षेपणकेंद्राच्या लहरी ज्या वाटेनें घरांत येतात त्याच वाटेनें फ्रिजच्या मोटारीची ठिणगी, पंख्याच्या रेग्युलेटरची कुरकुर, मोबाइलच्या चार्जरमध्यें दर सेकंदास हजारों वेळां होणारी प्रवाहाची उघडझांप, आणि आकाशांतील विजेचा कडकडाट, यांचेही पडसाद येतात. गच्चीवरून खालीं आलेली केबल ही, कोणाची इच्छा असो वा नसो, एक लांबलचक एरियलच असते. अशा रीतीनें नको असतां आंत शिरणाऱ्या संदेशाला व्यत्यय असें म्हणतात.

या व्यत्ययावरचा उपाय मायकेल फॅरडे यांनीं १८३६ सालींच दाखवून दिला होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांनीं बारा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी एक लांकडी चौकट उभी केली, ती तारांनीं व धातूच्या पातळ पत्र्यानें मढविली, आणि तिला यंत्राच्या साहाय्यानें विद्युद्भारित केलें. बाहेरून ठिणग्या उडत असतांना ते स्वतः आंत जाऊन बसले. पण आंतील अत्यंत नाजुक उपकरणांनाही विजेची चाहूल लागली नाहीं. धातूचें संपूर्ण वेष्टन असेल, तर बाहेरील विजेचा क्षोभ त्या वेष्टनाच्या बाह्यांगावरच राहतो, हें त्या प्रयोगानें सिद्ध झालें. आजच्या केबलच्या अंगावर असलेली तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी, किंवा ॲल्युमिनियमचा वर्ख, हें त्याच खोलीचें लांबट व अरुंद रूप होय.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कवच म्हणजे एक छत्री, तिच्यावर व्यत्यय आदळतो आणि संपतो, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः कवच हें छत्रीपेक्षां घराच्या वळचणीला लावलेल्या पत्र्याच्या पन्हळीशीं अधिक जुळतें. पन्हळ पाऊस थांबवीत नाहीं. छपरावरून आलेलें पाणी ती झेलते आणि अंगणाबाहेर नेऊन सोडते. त्याचप्रमाणें बाहेरील क्षोभामुळें कवचावर प्रवाह उत्पन्न होतोच. आंतील तारेला स्पर्श न करतां तो बाहेरच्या बाहेर वाहून नेणें, एवढेंच कवचाचें काम. आणि पन्हळ गळते ती पत्र्याच्या मधल्या भागांतून नव्हे, तर जेथें दोन तुकडे एकमेकांना जोडलेले असतात तेथून. जोड ढिला असला, म्हणजे सबंध छपराचें पाणी नेमकें त्या एका जागेंतून घराच्या दारावर ओघळूं लागतें. केबलचेंही दार तिच्या टोंकाशींच असतें.

आतां हें गळणें विजेच्या भाषेंत कसें घडतें तें पाहूं जातां, १८२७ सालीं जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनीं प्रसिद्ध केलेला नियम पुरेसा होतो. ज्या वस्तूंतून प्रवाह वाहतो तिच्या दोन टोंकांमध्यें, प्रवाह आणि रोध यांच्या गुणाकाराइतका दाब उत्पन्न होतो. कवचाचा सांधा हीही अशीच एक वस्तु आहे. समजा, कवचावरून व्यत्ययाचा १० मिलिअँपिअर इतका प्रवाह वाहत आहे. सांधा स्वच्छ व घट्ट असून त्याचा रोध १ मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा हजारावा भाग असेल, तर सांध्यावर पडणारा दाब केवळ १० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा लाखावा भाग, इतकाच होतो. तोच सांधा गंजून त्याचा रोध १०० मिलिओहम झाला, तर दाब १ मिलिव्होल्ट होतो. आणि रोध १ ओहमपर्यंत चढला, तर १० मिलिव्होल्ट. हे आंकडे ऐकावयास लहान वाटतात. पण केबलवरून दूरदर्शनसंचापर्यंत येणाऱ्या संदेशाचा दाबही साधारणतः १ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, आणि बोलणाऱ्याच्या आवाजानें साध्या मायक्रोफोनमध्यें उत्पन्न होणारा दाबही त्याच श्रेणींतला असतो. म्हणजे पाहुणा आणि चोर हे दोघेही एकाच उंचीचे असतात. यंत्राला त्यांतील एक निवडून काढतां येत नाहीं.

सांध्यावर पडलेला हा दाब आंतील संदेशांत मिसळतो कसा, असा प्रश्न साहजिक आहे. दूरदर्शनसाठीं किंवा एरियलसाठीं वापरण्यांत येणारी केबल समाक्ष असते, म्हणजे मधली तार आणि तिच्या भोंवतींचें नळीसारखें कवच यांचा अक्ष एकच असतो. अशा रचनेचें पेटंट इंग्लंडमध्यें ऑलिव्हर हेविसाइड यांनीं १८८० सालींच घेतलें होतें. या रचनेंत कवच हें केवळ रक्षक नसतें. संदेशाच्या प्रवाहाची परतीची वाटही तेंच असतें. यंत्र जें मोजतें तें मधली तार आणि कवच यांच्या दाबांतील अंतर. मग कवचाच्या वाटेंत कोठेंही परका दाब उत्पन्न झाला, तर तो या अंतरांत जसाच्या तसा मिळविला जातो. द्वारपाल आणि निरोप्या ही दोन्ही कामें एकाच नोकराकडे असावीं, आणि त्याची वाट अडविली गेल्यानें निरोप बदलावा, तशांतला हा प्रकार आहे.

केबलच्या अंगांत रोध नसतोच असें नाहीं. जाळीचें कवच असलेल्या साध्या बारीक समाक्ष केबलच्या कवचाचा रोध दर मीटरला सुमारें १० ते १५ मिलिओहम असतो. दहा मीटर केबल घेतली, तर तो शंभर मिलिओहमच्या वर जातो. मग एखाद्या चांगल्या सांध्याच्या एकदोन मिलिओहमांची मातबरी ती काय, असें कोणी विचारील. घरांतील विजेचा प्रवाह दर सेकंदास ५० आवर्तनें करतो, आणि त्या मंद आवर्तनाच्या घरघरीपुरता हा आक्षेप खरा आहे. तेथें संपूर्ण कवचाचा रोध हिशेबांत येतो, आणि सांधा चांगलाच बिघडल्याखेरीज त्याचा वाटा मोठा ठरत नाहीं. परंतु आवर्तनें वाढूं लागलीं कीं चित्र पालटतें.

जलद आवर्तनांच्या प्रवाहाचा असा स्वभाव आहे कीं, तो धातूच्या गाभ्यांत न शिरतां पृष्ठभागावरूनच वाहतो. दर सेकंदास ५० आवर्तनें असतांना तांब्यांत त्याची खोली सुमारें ९ मिलिमीटर असते; दहा लक्ष आवर्तनें झालीं, म्हणजे ती मिलिमीटरच्या पंधराव्या भागापर्यंत येते; आणि एक कोटि आवर्तनांना मिलिमीटरच्या सुमारें पन्नासाव्या भागावर. म्हणजे तांब्याची अखंड नळी केवळ पाव मिलिमीटर जाडीची असली, तरी एक कोटि आवर्तनांच्या प्रवाहाला ती या खोलीच्या बारापट जाड भिंत ठरते. व्यत्ययाचा प्रवाह नळीच्या बाहेरील अंगावरून धांवतो, संदेशाचा आंतील अंगावरून. दोघांची भेटच होत नाहीं. बाहेरील प्रवाहामुळें आंत किती दाब पोंचतो, याचें गणित अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञ सर्गेइ शेल्कुनॉफ यांनीं १९३४ सालीं मांडलें, आणि केबलची पारख करण्यासाठीं अभियंते आजही त्याच मापाचा उपयोग करतात. विणलेल्या जाळीला छिद्रें असल्यामुळें ती अखंड नळीइतकी अभेद्य नसते, आणि फार जलद आवर्तनांना त्या छिद्रांतून गळती पुन्हां वाढूं लागते. तरी चांगली, दाट किंवा दुहेरी जाळी पुष्कळच बंदोबस्त ठेवते.

सांध्याला मात्र ही सवलत मिळत नाहीं. जेथें दोन धातु कांहीं थोड्या बिंदूंपाशींच एकमेकांना टेकलेले असतात, तेथें बाहेरील आणि आंतील असे दोन पृष्ठभाग वेगळे राहत नाहींत. दोन्ही प्रवाहांना त्याच बिंदूंच्या अरुंद पुलावरून जावें लागतें. म्हणून आवर्तनें वाढलीं तरी सांध्याचा रोध कमी होत नाहीं. केबलची भिंत जसजशी अभेद्य होत जाते तसतसा सांधा हाच एकटा दरवाजा उरतो. मंद आवर्तनांना जो शंभरांत एक होता तो जलद आवर्तनांना सर्वेसर्वा होतो. महाग केबल आणूनही घरांतील खरखर कां जात नाहीं, याचें उत्तर येथें आहे.

सांध्यांत रोध येतो तरी कोठून? डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग वस्तुतः डोंगरदऱ्यांनीं भरलेले असतात. ते एकमेकांवर ठेवले असतां कांहीं मोजकीं शिखरेंच एकमेकांना टेकतात, आणि सगळा प्रवाह त्या शिखरांतून जातो. विद्युत्स्पर्शाचे हे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रॅग्नार होल्म यांनीं बारकाईनें अभ्यासिले. दिसणाऱ्या स्पर्शाच्या मानानें खरा स्पर्श हा फारच अल्प असतो. स्क्रू घट्ट आवळला असतां शिखरें चेपलीं जाऊन तो वाढतो, आणि रोध उतरतो. परंतु शिखरांवर गंजाचा थर चढला असेल, तर शिखर शिखराला भेटतच नाहीं. ॲल्युमिनियमवर तर हवा लागतांक्षणींच असा थर चढतो. तो अत्यंत पातळ पण कठीण असून वीजवाहक नसतो. त्यांतच तांबें आणि ॲल्युमिनियम असे दोन भिन्न धातु एकत्र आले आणि त्यांच्यामध्यें खाऱ्या पाण्याचा ओलावा शिरला, म्हणजे एक चिमुकली बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झपाट्यानें झिजूं लागतें. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा, हीं दोन्हीं कारणें एकत्र नांदतात. गच्चीवरील जो सांधा वैशाखांत निर्दोष असतो तो आश्विनांत तसाच राहिला असेल, असें गृहीत धरतां येत नाहीं.

गंजलेल्या सांध्याचा आणखी एक गुण आहे, आणि नभोवाणीच्या इतिहासाशीं त्याचें जवळचें नातें आहे. फ्रान्समध्यें एदुआर ब्रान्ली यांनीं १८९० सालीं दाखविलें कीं, नळींत सैल भरलेल्या धातूच्या किसाचा रोध जवळपास ठिणगी पडतांच एकदम उतरतो, आणि नळीला टिचकी मारली कीं पूर्ववत् होतो. आरंभीच्या काळांतील बिनतारी संदेशाचे ग्राहक अशाच सैल स्पर्शावर चालत असत. कलकत्त्यास १८९५ सालीं बिनतारी लहरींचा जाहीर प्रयोग करणारे जगदीशचंद्र बोस यांनींही लोखंड व पारा यांच्या स्पर्शाचा नाजुक ग्राहक बनविला होता, आणि गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावरील ग्राहकाबद्दल त्यांना १९०४ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. मुंबईस १९२७ सालीं नभोवाणीचें केंद्र सुरू झालें त्या सुमारास स्फटिकाला बारीक तारेचें टोंक टेकवून ऐकण्याचे संच जगभर प्रचारांत होते. धातु आणि त्यावरील गंज यांचा स्पर्श हाही कमीअधिक प्रमाणांत अशाच एकमार्गी वृत्तीचा असतो. अर्थात् गंजलेला सांधा व्यत्ययाला केवळ वाट देत नाहीं. बलवान् प्रक्षेपणकेंद्र जवळ असेल, तर त्याच्या लहरींतून तो ध्वनि वेगळा काढतो, आणि बंद रेडिओच्या घरांत ध्वनिवर्धकांतून भलतेंच भाषण ऐकूं येऊं लागतें. एके काळीं जो गुण मुद्दाम साधावा लागत असे तोच येथें न मागतां पदरीं पडतो. केबलचें टोंक हलवून घरघर थांबविणारा गृहस्थही नकळत त्या सैल स्पर्शाशींच खेळत असतो. हलविल्यानें गंजाचा पापुद्रा खरवडला जातो आणि शिखरें पुन्हां भेटतात. पण चार दिवसांत थर पुन्हां चढतो.

आतांपर्यंत रोधाचा विचार झाला. परंतु मापकावर रोध जवळजवळ शून्य दिसत असतांही सांधा वाईट असूं शकतो, आणि हा सापळा जाणत्या कारागिरालाही फसवितो. पुष्कळ ठिकाणीं केबलची जाळी सोलून तिच्या तारा एकत्र पिळतात, त्यांची एक वेणी करतात, आणि ती दूर कोठें तरी एका स्क्रूखालीं आवळतात. इंग्रजी कारागीर तिला 'पिगटेल', म्हणजे डुकराची शेपटी, म्हणतात. अशी शेपटी दहा सेंटिमीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीची असली, तर तिचा रोध दोन मिलिओहमपेक्षांही कमी भरतो. मापक पाहून कारागीर निश्चिंत होतो. परंतु प्रत्येक तारेच्या अंगीं प्रवाहाच्या बदलाला अडविण्याचा एक जडपणा असतो. त्याला प्रवर्तन असें म्हणतात. आवर्तनें जितकीं जलद तितका हा अडथळा मोठा. त्याच दहा सेंटिमीटर तारेचा अडथळा दर सेकंदास तीन कोटि आवर्तनांना सुमारें १९ ओहम आणि दहा कोटि आवर्तनांना सुमारें ६० ओहम होतो, म्हणजे मापकानें दाखविलेल्या आंकड्याच्या तीस हजारपटींहून अधिक. शिवाय शेपटीच्या लांबीइतकी मधली तार उघडी पडते ती वेगळीच. म्हणून जलद आवर्तनांच्या कामांत जाळी पिळून न बांधतां, गळपट्टीप्रमाणें सर्व बाजूंनीं धातूच्या कड्यांत पकडून, यंत्राच्या धातूच्या पेटीशीं थेट मिळविली जाते. प्रवाहाला सभोंवार वाट मिळाली, कीं अडथळा नाहींसा होतो.

हें सारें घरांतील करमणुकीपुरतें असतें तर त्याचा इतका ऊहापोह करण्याचें कारण नव्हतें. रुग्णाच्या छातीवर चिकटविलेल्या टिकल्यांपासून हृदयाचा जो विद्युत्संदेश मिळतो तो सुमारें १ मिलिव्होल्टचाच असतो. त्या केबलच्या कवचाचा सांधा निसटला, तर खाटेशेजारील विजेच्या तारांची ५० आवर्तनांची लाट आलेखावर चढते, आणि ज्या बारीक उंचसखल रेषेंवरून डॉक्टरांनीं निदान करावयाचें ती रेषाच त्या लाटेखालीं बुडते. कवच आंत येणाऱ्याला जसें अडवितें तसें बाहेर जाणाऱ्यालाही, आणि सांधा बिघडला कीं दोन्ही वाटा एकदमच उघडतात. केबलवरील दूरदर्शनचे संदेश ज्या आवर्तनांचे असतात त्यांतच विमानांच्या मार्गदर्शनाचे व वैमानिकांच्या संभाषणाचे पट्टेही येतात. म्हणूनच ढिल्या सांध्यांतून होणारी गळती शोधून ती मर्यादेंत ठेवण्याचा नियम अमेरिकेंत केबल कंपन्यांना घालून दिलेला आहे.

या विषयावरील ग्रंथांत एका भीषण अपघाताचा उल्लेख वारंवार येतो. दि. २९ जुलै १९६७ रोजीं व्हिएतनामनजीकच्या समुद्रांत 'फॉरेस्टल' या अमेरिकन विमानवाहू जहाजावर एका विमानाचा अग्निबाण आपोआप सुटला. तो समोरच्या विमानावर आदळला, इंधन पेटलें, बाँब फुटले आणि १३४ माणसें प्राणास मुकलीं. अमेरिकेच्या अवकाशसंस्थेनें १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्यत्ययविषयक संग्रहांत याचें कारण असें दिलें आहे कीं, जहाजावरील रडारच्या लहरी विमानांतील केबलच्या कवचाच्या बिघडलेल्या सांध्यांतून आंत शिरल्या. परंतु नौदलाच्या चौकशीचा निष्कर्ष निराळा आहे. विमान बाहेरील विजेवरून स्वतःच्या विजेवर घेत असतांना प्रवाहाचा जो झटका बसला त्यानें बाण सुटला, आणि सुरक्षेच्या दोन खबरदाऱ्या वेळेपूर्वींच काढून घेतलेल्या होत्या, असें ती चौकशी सांगते. दोन हकीकतींचा मेळ बसत नाहीं. तेव्हां हा अपघात सांध्यामुळेंच घडला असें छातीठोकपणें सांगणें सचोटीचें होणार नाहीं. तथापि दोन्ही हकीकतींत एक गोष्ट समान आहे. ज्या तारेंत त्या क्षणीं दाब असावयास नको होता तिच्यांत तो आला, आणि तेवढ्यानें अनर्थ ओढवला.

म्हणूनच जेथें जीवाशीं गांठ असते तेथें सांधा डोळ्यांनीं पाहून भागत नाहीं, तो मोजला जातो. विमानांतील उपकरण आणि विमानाचा धातूचा सांगाडा यांच्यामधील जोडाचा रोध २.५ मिलिओहमपेक्षां अधिक नसावा, अशी मर्यादा अमेरिकन सैन्याच्या प्रमाणग्रंथांत रेडिओच्या व्यत्ययाच्या दृष्टीनें घातलेली होती. इतका थोडा रोध साध्या मापकानें कळत नाहीं, कारण मापकाच्या स्वतःच्या दोन तारांचा रोधच त्याहून पुष्कळ मोठा असतो. त्यासाठीं चार तारांची युक्ति योजतात. दोन तारांतून सांध्यामधून ठराविक प्रवाह सोडावयाचा, आणि वेगळ्या दोन तारांनीं सांध्याच्या अगदीं दोन कडांवरील दाब मोजावयाचा. दाब मोजणाऱ्या तारांतून प्रवाह जवळजवळ नसल्यामुळें त्यांचा रोध हिशेबांत येत नाहीं, आणि सांध्याचें खरें स्वरूप उघड होतें.

घरापुरता विचार केला, तर उपाय साधे आहेत. केबलवाला जाळीच्या चार तारा पिळून टोपीखालीं कोंबतो आणि चित्र दिसतांच निघून जातो. त्याऐवजीं जाळी सभोंवार दाबून बसणारें, केबलच्या मापाचें टोंक लावून घ्यावें. यंत्राची खांच व केबलचें टोंक हीं कोरडीं व चकचकीत असावीं. जोडाखालीं रंगाचा थर असेल तर तो खरवडून काढावा, कारण रंग हाही विजेला अडसरच असतो. गच्चीवरील सांध्यांत पाणी शिरूं नये म्हणून त्यावर जलरोधक पट्टी गुंडाळावी, केबलला सांध्याच्या खालीं एक झोळ द्यावा म्हणजे पावसाचें पाणी तेथूनच ठिबकून जाईल, आणि दर पावसाळ्यानंतर तो एकदां उघडून पाहावा. घरघर घालविण्यासाठीं कवचाचें एक टोंक सोडून देण्याची युक्ति कांहीं जण सुचवितात. ध्वनियंत्रांच्या मंद आवर्तनांपुरती ती कधीं कधीं लागूही पडते. परंतु नभोवाणीच्या जलद आवर्तनांना तें सुटलेलें टोंक म्हणजे उघडें दारच होय. एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितींत करूं नये. प्लगमधील अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकली असतां घरघर थांबते, हा अनुभव पुष्कळांचा असतो. पण ती पिन संगीतासाठीं नसून माणसाच्या प्राणासाठीं आहे. यंत्रांत दोष उत्पन्न होऊन त्याच्या पेटीवर वीज उतरली, तर तीच तिला सुरक्षित वाट देते.

केबल घेतांना तिची जाडी, जाळीची दाटी आणि किंमत पाहिली जाते. सांधा कोणी पाहत नाहीं, कारण तो विकत मिळत नाहीं. तो कोणाच्या तरी हातानें करावा लागतो. शेंकडों फूट तांबें आपलें काम निमूटपणें करीत असतें. त्याचें चीज करावयाचें कीं त्याला मातीमोल करावयाचें, हें शेवटच्या बोटभर जागेंत ठरतें. पुढच्या वेळीं गाण्याच्या मध्येंच घरघर सुरू झाली आणि केबलचें टोंक हलवितांच थांबली, तर तें काम झालें असें समजूं नये. सांध्यानें आपला दोष स्वतःच दाखवून दिलेला असतो. आतां तो उघडून, पुसून, घट्ट करावयाचा तेवढा उरलेला असतो.